पोटातलं भ्या

आमच्या नानीला भ्या वाटायचं ते पोटात. पहाटे चार-साडेचारला ती उठून जोत्यावर येऊन बसायची. गुडघे छातीशी, दोन्ही हात पोटावर. आई शेणघाण काढायला उठली की विचारायची, "काय गं, आज पुन्ना?" नानी म्हणायची, "कालवतंय बगा आक्का. कायतरी व्हनार हाय." काय होणार ते तिला सांगता यायचं नाही. आणि होत तर काहीच नसायचं. उजाडायचं, चूल पेटायची, गुरं सुटायची, दिवस मावळायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा जोत्यावर.

नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. तात्याशी लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माणदेशातलं आमचं गाव, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं. घरात खाणारी तोंडं पंधरा. एवढ्या माणसांत एकीला कारण नसताना भीती वाटते, ही गोष्ट घराला फार दिवस सोसत नाही. आधी आजीनं बेंबीवर हिंगाचा लेप लावला, ओवा-मीठ चावायला दिलं. मग एरंडेल लावून पोट चोळणारी म्हातारी आली. तिनं बेंबी सरकलीय म्हणून सांगितलं आणि जागेवर बसवून दिली. मग देवऋषी झाला. त्यानं माहेरचं कायतरी संगं आलंय असं काढलं आणि नारळ उतरवून ओढ्यात टाकायला लावला. शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, एक इंजेक्शन दिलं, लाल औषधाची बाटली दिली आणि तात्याला सांगितलं, "पोटात काही नाही."

ते 'काही नाही' आमच्या घराला फार उपयोगी पडलं. नानी पोट धरून बसली की आजी म्हणायची, "डाक्टरनं सांगितलंय न्हवं, काय न्हाई म्हनून? सोंगं करती." कामाच्या दिवसांत तात्यानं एक-दोनदा हातही उचलला. आई तेवढी गप्प असायची. पण तिनंही कधी 'ती खरं बोलती' असं म्हटलेलं मला आठवत नाही.

गंमत अशी, की हीच माणसं दिवसभर पोटाचंच बोलायची. वाईट बातमी आली की यांच्या पोटात गोळा यायचा. भावकीतल्या कुणाच्या विहिरीला पाणी लागलं की यांना पोटशूळ उठायचा. पोराची चूक पोटात घालायची, कुणाचं गुपित पोटात ठेवायचं, लेक सासरी निघाली की आतडं तुटायचं. आपल्या भाषेनं माणसाचं अर्धं मन पोटात नेऊन ठेवलंय. पण नानीनं तेच म्हटलं की ते सोंग. बोलण्यापुरतं पोटात भ्या असलं तर चालतं, खरंच असलं तर चालत नाही, असा काहीतरी हिशेब असावा.

आमचे आजोबा, आबा, हे तर या बाबतीत फारच कडक. आबांना दगड पचायचा. दोन दिवसांची शिळी भाकरी, वर ठेचा आणि तांब्याभर पाणी, की ते बांधावरच आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. रात्री-अपरात्री एकटे कुठंही जायचे. साप धरायचे. भ्यालेल्या माणसाची त्यांना किळस होती. "भ्या म्हंजे रिकामपनाचा रोग," असं ते म्हणायचे, आणि आम्ही पोरं ते खरं मानायचो. आबांसारखं व्हावं आणि नानीसारखं होऊ नये, हे त्या वयात आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी जास्त सांगत नाही. १९७३चा उन्हाळा तर पहिल्यापेक्षा वाईट. आड आटले, गुरं विकली, आणि घरातली सगळी धडधाकट माणसं दुष्काळी कामावर गेली. आमच्याकडं तलावाचं आणि खडी फोडायचं काम निघालं होतं. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी तांबड्या व्हायच्या आणि थापताना मोडायच्या. कुणाला त्या भाकरीनं गच्च व्हायचं, कुणाला ढाळ लागायचे. पण दुसरं होतं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत मी कामावर भाकरी पोचवायला जायचो. एके दिवशी दुपारी पोचलो तर तिथं कालवा चाललेला. नानीनं डोक्यावरचं घमेलं मध्येच टाकलं होतं आणि कुणाला न सांगता ती माळानं पळत सुटली होती. मुकादमानं हाका मारल्या, आजीनं शिव्या दिल्या, ती थांबली नाही. तिची त्या दिवसाची हजेरी मांडली गेली नाही. त्या उन्हाळ्यात एक हजेरी जाणं म्हणजे काय, ते त्या उन्हाळ्यातल्या माणसालाच कळेल.

संध्याकाळी सगळे घरी आले तेव्हा ती चुलीपुढं बसलेली होती. कुणी विचारलं, काय झालं? म्हणाली, "जीव घाबरला." आबा म्हणाले, "घाबराया वाघ आलता का?" सगळे थकलेले, चिडलेले. आणि मी, बारा-तेरा वर्षांचा पोरगा, उठलो. दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळे फिरवले आणि "कालवतंय गं आक्का, कायतरी व्हनार हाय" म्हणत अंगणात एक फेरी मारली. सगळे हसले. कित्येक दिवसांनी आमच्या घरात माणसं हसली. आबांनी मला जवळ घेतलं. नानीही हसली, पदर तोंडाला लावून. त्यानंतर ती माझ्यापुढं पोटाचं कधी बोलली नाही.

पुढं मी शिकलो, प्राथमिक शिक्षक झालो, गावोगाव बदल्या होत राहिल्या. आबा गेले, आजी गेली, तात्याही गेला. घरं वाटून झाली. २००२च्या सुमाराला ग्रामस्वच्छता अभियानाच्या धामधुमीत आमच्याही गल्लीत संडास बांधले गेले. तेव्हा मी नानीसाठी एक बांधून दिला. त्याची किल्ली ती कमरेला लावून हिंडायची. लग्नाला जाताना, शेतात जाताना, कुठंही. पोरं तिला 'संडासाची मालकीण' म्हणायची. मीही हसलो असेन. नानीच्या तऱ्हा म्हणून आमच्याकडं एक स्वतंत्र खातंच होतं, त्यात ही एक जमा झाली.

आणि २०११ साली माझी वेळ आली.

एका लग्नातलं जेवण बाधलं. चाळीस-पन्नास माणसांना जुलाब-उलट्या झाल्या, सगळी आठवड्यात बरी झाली. माझं पोट मात्र बसलं नाही. कधी तीनदा जावं लागायचं, कधी तीन दिवस नाही. कळा यायच्या. गोळ्या झाल्या, पथ्य झालं. दोन-तीन महिन्यांनी पहाटे चारला जाग यायला लागली आणि जाग येताना सोबत भीती यायची. कशाची? कर्ज फिटलेलं, मुलगा नोकरीला, पाऊस बरा झालेला. मी अंथरुणात पडून कारण शोधायचो, एखाद्या चोराला शोधावं तसं, आणि कुणीच सापडायचं नाही. फक्त पोटात बेंबीच्या वर काहीतरी हळूहळू ढवळत असायचं. एका पहाटे माझ्या तोंडून आपोआप शब्द आले, "कालवतंय." आणि मी अंधारात एकटाच शरमलो.

पुण्यात एका पोटाच्या डॉक्टरांकडे मुलानं नेलं. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण घालून तपासणी, सगळं झालं. सगळे रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे, नीट पाहिलं तर, नानीला तालुक्याच्या डॉक्टरनं जे सांगितलं तेच: पोटात काही नाही. पण हे डॉक्टर तिथं थांबले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, आतड्याला जखम नाही, गाठ नाही. पण आतडं हळवं झालंय. जोराचे जुलाब होऊन गेले की काही लोकांचं असं होतं. आणि आतडं हळवं झालं की मन शांत राहत नाही."

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं असतं, ते बरंचसं आपल्या आपण चालतं. पोटातून मेंदूकडे व्हेगस नावाचा एक मोठा मज्जातंतू जातो. मला वाटायचं, मेंदू वरून हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं. उलटंच आहे. त्या तंतूतले सुमारे ८० टक्के धागे खालून वर निरोप नेणारे असतात. सिरोटोनिन नावाचं जे द्रव्य मनाच्या औषधांच्या संदर्भात आपण ऐकतो, ते शरीरात जेवढं असतं त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात तयार होतं. ते तिथून उठून मेंदूत जात नाही, पण आतड्यातल्या तंतूंना चाळवत राहतं. शिवाय तिथं राहणारे कोट्यवधी जिवाणू. जपानमध्ये २००४ साली उंदरांवर प्रयोग झाला होता. पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर वाढवले, त्यांना थोडं कोंडून ठेवलं, तर त्यांच्या अंगात ताणाची द्रव्यं साध्या उंदरांपेक्षा जास्त उसळली. २०११ साली आयर्लंडमध्ये उंदरांना एक प्रकारचे जिवाणू खाऊ घातले, तर ते कमी भेदरट झाले. आणि तो व्हेगस तंतू कापला, तर हा फरक नाहीसा झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे डॉक्टर दोनदा म्हणाले. माणसात एवढं साधं-सरळ अजून कुणाला दाखवता आलेलं नाही.

मी घरी आलो आणि घर बदललं. बायको मऊ खिचडी करायला लागली. सून शेजारणीला सांगायची, "पोटाचं आहे ना हो बाबांचं, त्यामुळं झोप लागत नाही." पहाटे उठून बसलो तर मुलगा येऊन पाठीवर हात ठेवायचा. सोंग हा शब्द कुणाच्या मनातही आला नाही. रिपोर्ट माझेही स्वच्छ होते. पण मी पुरुष, शाळेचा गुरुजी, आणि माझ्या भीतीचं चित्र एका डॉक्टरनं कागदावर काढून दिलेलं. तो कागद मी जपून ठेवला होता. कुणी आलं की दाखवायचो सुद्धा.

त्याच कागदाची घडी खिशात घालून मी गावी गेलो. नानी तेव्हा साठीला टेकलेली. मनात असं होतं की तिला सांगावं, बाई, तुझं खरं होतं. एक प्रकारे तिला सोडवायला निघालो होतो म्हणा ना. सोडवणारा मी!

ती जोत्यावर शेंगा फोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, चित्र दाखवलं. ती शेंगा फोडता फोडता ऐकत होती. मग म्हणाली, "मंजे पोटाचंच हुतं म्हनतूस."

"होय नानी. सोंग नव्हतं ते."

"आन् पोटाचं निघालं नसतं तर?"

मला कळेना. ती म्हणाली, "डाक्टरनं तुला चित्रं काडून दिलं म्हनून माजं खरं झालं व्हय? मला काय वाटतं ती मी सांगतच हुती की. चाळीस वर्सं."

मी गप्प बसलो. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "नानी, त्या दिवशी तू तळ्यावरनं पळालीस, तेव्हा मी तुझी नक्कल केली होती."

"ध्यानात हाय."

बऱ्याच वेळानं ती खाली बघून बोलली. मिलो सुरू झाल्यापासून तिला ढाळ लागलेले. परसाकडं जायचं ते बायकांनी पहाटे अंधारात किंवा दिवस बुडाल्यावर. दिवसाउजेडी कुठं बसणार? एरवी ओढ्याकाठी झाडोरा असायचा, त्या साली सगळा माळ बोडका झालेला. चार-पाचशे माणसं कामावर, मुकादम उंचवट्यावर उभा. "सकाळधरनं धरून हुती. मग धरंना. वढ्यापत्तुर पोचती असं वाटलं हुतं." इथं ती थांबली. "लुगडं तिथंच धुतलं असतं. पर पानी कुठं हुतं?"

मग म्हणाली, "तवापासनं कुठं जायचं म्हनलं की आदी पोट ढवळायचं. मग भ्या वाटायचं. मागनं मागनं पोट गप्प असलं तरी भ्या यायाचं. त्याला सवयच लागली वाटंची."

त्या कमरेच्या किल्लीकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

नंतर माझ्या वाचनात आलं की ऑस्ट्रेलियात काही लोकांवर तब्बल १२ वर्षं नजर ठेवली होती. काहींचं आधी पोट बिघडलं, मन नंतर. काहींच्या मनात आधी काळजी होती, पोट नंतर बिघडलं. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता. नानीनं जे दोन वाक्यांत सांगितलं, 'आदी पोट, मग भ्या, मग नुसतं भ्या', ते कुठल्या बाजूचं म्हणायचं? आणि त्या भीतीचं मूळ तरी कुठं होतं? आतड्यात, की मिलोत, की बोडक्या माळावर, की बाईनं उजेडात बसू नये म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांत? डॉक्टरच्या चित्रात तोंडापासून गुदापर्यंत सगळं होतं. माळ नव्हता, मुकादम नव्हता, अंगणात नक्कल करणारा पोरगा नव्हता.

मला राहून राहून तिचा पहिला प्रश्न छळतो. पोटाचं निघालं नसतं तर? मी तिला खरं मानलं ते कारण सापडल्यावर, आणि तेही स्वतःच्या पोटात सापडल्यावर. म्हणजे माझा विश्वास तिच्यावर बसलाच नाही. तो आतड्यावर बसला, मज्जातंतूवर बसला, जपानच्या उंदरांवर बसला. उद्या कुणी शास्त्रज्ञानं म्हटलं की पोटाचा नि भीतीचा काही संबंध नाही, तर मी पुन्हा तिला सोंगाडी म्हणणार आहे का? माणूस म्हणतो, मला दुखतंय, मला भ्या वाटतंय. आपण म्हणतो, पुरावा आण. रान पेटलेलं दिसलं तर आपण आधी पाणी घेऊन धावतो, काडी कुणी टाकली ते मागाहून बघतो. माणसाच्या बाबतीत मात्र आधी काडी दाखव म्हणतो.

कारण शोधू नये असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं पोट कारण कळल्यामुळंच निम्मं सुधारलं. पण कारणाचाही बाजार होतो. आता माझी सून चार-चार घोटांच्या महागड्या बाटल्या आणते, त्यात पोटाचे चांगले जिवाणू असतात म्हणे. आमच्या लहानपणी ताकाला कुणी किंमत लावत नव्हतं. ज्याच्या घरी घुसळण असेल त्याच्या दारात शेजारणी तांब्या घेऊन यायच्या. मग दूध डेअरीला जायला लागलं आणि दारातलं ताक गेलं. पूर्वी सगळं माहेरचं भूत होतं, आता सगळं आतडं आहे. देवऋषी बदललाय, एवढंच कधी कधी वाटतं.

आणखी एक अवघड गोष्ट. भीती जर पोटातून येत असेल, तर धीर कुठून येतो? आबांचा मला फार अभिमान होता. सापाला न भिणारा, अंधाराला न भिणारा माणूस. पण आबांना दगड पचायचा, पडल्या जागी झोप यायची. त्यांना त्या धैर्यासाठी काय मोजावं लागलं? काहीच नाही. नानी मात्र पोटात तसलं ढवळत असताना, चाळीस वर्षं, रोज उठली. भाकरी थापल्या, खुरपायला गेली, चार बाळंतपणं केली, तात्याच्या आजारपणात रात्रंदिवस बसली. पोटात काही नसताना न भिणं आणि पोटात एवढं असताना कामाला जाणं, यातला शूर कोण, हे आमच्या घरात कधी कुणी मोजलं नाही. मी मुलांना शाळेत शूरांचे धडे शिकवले, वर्षानुवर्षं. त्यांत पोट धरून जोत्यावर बसलेली बाई कुठंच नव्हती.

हे मी आबांवर राग म्हणून लिहीत नाही. त्यांचं पोट चांगलं होतं हा त्यांचा गुन्हा नव्हे. ते दुसऱ्याच्या पोटाचं आपल्या पोटावरून मोजायचे, एवढंच. ते तर मीही करत होतो.

त्या दिवशी मी उठायला लागलो तेव्हा नानीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"तुजं कसं हाय आता? येतं का पाटं?"

"येतं."

"रोज?"

"आठवड्यातनं तीन-चारदा."

"मग पडून ऱ्हाऊ नगंस. उठून बस. पडलं की वर चडतं ते." ती आत गेली, फडताळातली ओव्याची पुडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "आन् बायकुला उठीव. म्या कुनाला उठीवलं न्हाई, एकटीच बसायची. तू उठीव."

मी पुडी त्याच खिशात टाकली, जिथं तो कागद होता. एसटीला अजून वेळ होता. मी परत जोत्यावर बसलो आणि तिच्याबरोबर शेंगा फोडायला लागलो.